हाताखालच्या पोरांना वायरिंग शिकवायचं कसं?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वायरमनचा आहे. थोडक्यात असा: "माझ्याकडे दोन पोरं शिकायला आहेत. एक आयटीआय इलेक्ट्रिशियन पास, सूत्रं तोंडपाठ, पण पक्कड हातात दिली की घाम फुटतो. दुसरा दहावीनंतर थेट माझ्याकडे आलाय. हात सुरेख चालतो, पण 'असं का?' विचारलं की गप्प. दोघांना एकत्र शिकवायचं कसं? सुरुवात कुठून करायची आणि चालू लाईनवर कधी सोडायचं? माझ्याकडे वर्ग नाही, फळा नाही. जे शिकवायचं ते कामावरच."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांची मेंटेनन्सची कामं आणि त्याच्या जोडीला पोरं तयार करणं, हे दोन्ही मी बरीच वर्षं करत आलोय. त्यावरून सांगतो.

तुम्हाला दोन पोरांच्या दोन तऱ्हा दिसतायत, पण दोघांची अडचण एकच आहे. मीटर लावायच्या आधी मीटर काय दाखवेल, हे दोघांनाही सांगता येत नाही. आयटीआयवाल्याला कागदावर सांगता येईल, समोर बोर्ड उघडा पडला की नाही. दुसरा वायर जोडून लाईट लावून दाखवेल, पण लागला नाही तर अंदाजाने इकडची तार तिकडे करत बसेल. म्हणून माझ्याकडे एकच नियम असतो: आधी तोंडाने सांगायचं, मग हात लावायचा. "टेस्टर कुठल्या भोकात पेटेल?" "बल्ब लागेल का? लागला तर किती उजेड?" "मोटर किती अँपिअर घेईल?" उत्तर चुकलं तरी चालतं, पण दिल्याशिवाय हात पुढे करायचा नाही. चुकलेलं उत्तर पोराच्या डोक्यात जेवढं बसतं तेवढं आपलं व्याख्यान बसत नाही. उस्ताद जिथे चिडतात ते इथेच. पोरगं चुकीचं बोललं की लगेच "गप, बघ मी काय करतो ते" म्हणून मोकळे होतात, आणि पोरगं वर्षानुवर्षं शिडी धरून नुसतं बघत राहतं.

वर्ग नसला तरी एक प्लायवूडचा बोर्ड मात्र करा. साधारण चार फूट बाय तीन फूट. कुणाच्या घरातलं जुनं फिटिंग काढलं की त्यातलं धड सामान ठेवून द्या: स्विच, होल्डर, सॉकेट, दोन टू-वे स्विच (जिन्यातला दिवा दोन ठिकाणांहून लावणारे), एक लहान डीबी (घरभर वायरी वाटणारी पेटी). बोर्डाच्या तोंडाशी ६ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाईन तोडणारी) पाहिजेच. इथे काटकसर नको. या बोर्डावरची शेवटची तार सुरुवातीला तुम्हीच जोडायची आणि स्विच ऑन करताना तुम्ही शेजारी उभं राहायचं.

त्याच्या जोडीला सिरीज बोर्ड. तुम्ही तो वापरतच असणार. रिवाइंडिंगच्या दुकानात तर त्यावाचून पान हलत नाही. एक होल्डर आणि एक सॉकेट सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. हे बल्ब आता सहज मिळत नाहीत, मिळाले की चार-सहा घेऊन ठेवा. एलईडी इथे उपयोगाचा नाही.

आता दोघांना बसवा आणि विचारत चला. सॉकेट रिकामं आहे, बल्ब लागेल? नाही. सॉकेटच्या दोन भोकांत शॉर्ट केलेला प्लग घातला तर? बल्ब पूर्ण लागेल, आणि एमसीबी पडणार नाही. इथे हातचलाख पोरगं हमखास चुकतं. "शॉर्ट आहे म्हणजे एमसीबी पडणारच," म्हणतं. मग आयटीआयवाल्याला सांगा की गणित करून दाखव. २३० गुणिले २३० भागिले १००, म्हणजे गरम बल्बचा रेझिस्टन्स ५२९ ओहम. २३० भागिले ५२९, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी. एमसीबी कशाला पडेल? त्याला पहिल्यांदाच कळतं की त्याने पाठ केलेली गोष्ट खरोखर भिंतीवर चालते, आणि दुसऱ्याला कळतं की गणिताने उत्तर आधीच मिळतं. पुढे १००० वॅटची इस्त्री लावा. बल्ब जवळजवळ पूर्ण उजेड देईल, कारण इस्त्रीचा रेझिस्टन्स जेमतेम ५३ ओहम. सगळा दाब बल्बावर. दुसरा १०० चा बल्ब लावा, दोन्ही मिणमिणतील. मोबाईलचा चार्जर लावा, बल्ब लागलेला दिसणारही नाही.

सगळ्यात मजा येते ती ४० आणि १०० वॅटचे दोन बल्ब एकामागे एक सिरीजमध्ये लावल्यावर. कुठला जास्त उजळेल? आजवर ज्या ज्या पोराला विचारलं तो "शंभरचा" म्हणाला. लावून दाखवा. ४० चा चांगला पेटतो आणि शंभरचा नुसता लालसर होतो. पोरं वाकून होल्डर तपासतात, बल्बची अदलाबदल करून बघतात. करू द्या. मग मीटर लावायला सांगा: दाबाचा मोठा वाटा ४० च्या बल्बवर, शंभरच्यावर थोडाच.

हा नुसता गमतीचा खेळ नव्हे. थ्री-फेजच्या बिल्डिंगमध्ये न्यूट्रल सुटल्यावर एका घरातला टीव्ही का जळतो आणि शेजारच्या घरातला गीझर का गार पडतो, हे या दोन बल्बांत पूर्ण आलं. दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, मधला न्यूट्रल सुटला की दोन घरं सिरीजमध्ये. ज्याचा लोड कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त. शहापूर-टिळकवाडीकडच्या जुन्या वाड्यांत नंतर मजले चढवलेले असतात, मीटरबोर्डातले न्यूट्रलचे जॉइंट जुने, कधी नुसते पिळून टेप मारलेले. तिथे "व्होल्टेज कमी-जास्त होतंय" अशी तक्रार आली की पोराच्या डोक्यात पहिला विचार न्यूट्रलचा आला पाहिजे. स्टॅबिलायझरचा नंतर.

टेस्टरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडचं दुसरं पोरगं टेस्टरवरच सगळा संसार चालवत असणार. घरात लाईट नाही, पोरगं सॉकेटमध्ये टेस्टर घालतं आणि ओरडतं, "अण्णा, डबल फेज आलाय की ओ!" दोन्ही भोकांत निऑन पेटतोय. एकाच फेजच्या घरात दुसरा फेज येणार कुठून? न्यूट्रल मागे कुठे तरी तुटलाय, आणि घरातला एखादा बल्ब किंवा फ्रिज चालू राहिलाय. फेज त्या उपकरणातून जाऊन न्यूट्रलच्या तारेत उभा राहतो. टेस्टर अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो, त्यामुळे त्याला हा न्यूट्रल आणि खरा फेज यातला फरक कळत नाही. आता विचारा: घरातले सगळे स्विच बंद केले, सगळे प्लग काढले, तर दुसऱ्या भोकात टेस्टर पेटेल का? जो "नाही" म्हणतो आणि कारण सांगतो, त्याला न्यूट्रल कळला. मग टेस्ट लॅम्प द्या, म्हणजे होल्डरला दोन मोकळ्या तारा लावलेला बल्ब. फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला तर लागणार नाही. फेज आणि अर्थमध्ये लावला तर लागेल. पण आरसीसीबी असेल तर ती पडेल, कारण बल्बचा करंट ३० मिलिअँपिअरच्या कितीतरी वर आहे. हेही आधी विचारा. आरसीसीबी "आपोआप" पडली म्हणून घाबरणारी पोरं आणि "आत्ता पडणार बघ" म्हणणारी पोरं, कामावर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उलटंही होतं. लांब पाईपातून एक रिकामी वायर चालू वायरीच्या शेजारून गेलेली असते, डिजिटल मीटर तिच्यावर ७०-८० व्होल्ट दाखवतं. पोरगं गोंधळतं. टेस्ट लॅम्प लावला की काहीच नाही. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स एवढा मोठा असतो की शेजारच्या तारेने दिलेला नावापुरता दाबही तो दाखवतो. म्हणून तिन्ही साधनं शिकवा: टेस्टर, मीटर, लॅम्प. कोण कुठे फसवतं ते माहीत असलं की कुठलंही चालतं.

आता लाईन बंद करण्याविषयी. "मेन बंद केला, झालं" हे शिकवू नका. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातून जांबोटी-कणकुंबीकडे, दिवसदिवस लाईट नसते, त्यामुळे इन्व्हर्टर बऱ्याच घरांत आलेत. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत असतात. कुणी तरी पूर्वी इन्व्हर्टर जोडताना न्यूट्रलची गडबड केलेली असते, ती वेगळीच. काही घरांत मीटरपाशीच फेज-न्यूट्रल उलटे झालेले असतात. अशा ठिकाणी एमसीबी पाडली तर तुटतो तो न्यूट्रल, आणि सगळं घर फेजवर लटकत राहतं. लाईट बंद, पंखा बंद, सगळं मेल्यासारखं दिसतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी चालू असलेल्या पॉइंटवर टेस्टर किंवा लॅम्प चालतोय हे बघायचं. मग बंद केलेल्या ठिकाणी लावायचा. मग पुन्हा चालू पॉइंटवर. तिसरी पायरी सगळे गाळतात. मधल्या वेळात टेस्टरच गेला असेल तर? एमसीबी पाडली की तिच्यावर टेप मारायची, कार्ड लावायचं, घरातल्या माणसांना सांगायचं. कारखान्यात कुलूप आणि किल्ली ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात. आणि पोराला दर वेळी विचारायचं: "बंद केलंस. आता इथे काय असेल?" "काही नाही" हे उत्तर पुरेसं नाही. "इन्व्हर्टर आहे का बघितलंस?" हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारेपर्यंत त्याला एकट्याला पाठवू नका.

शेतातल्या पंपावर हा धोका दुप्पट. थ्री-फेज तिथे दिवसातले काही तासच येते. तुम्ही गेलात तेव्हा लाईन नसते, पोरगं बिनधास्त स्टार्टर उघडून हात घालतं. लाईन कधी येईल याचा नेम नाही, आणि शेतकऱ्याने रात्री उठायला नको म्हणून ऑटो स्विच बसवलेला असतो. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. "आता लाईन नाहीये, मग हात घालायला हरकत काय?" असा प्रश्न मी मुद्दाम टाकतो. जे पोरगं आधी मेन स्विच खाली ओढतं, मग ऑटो बंद करतं आणि मगच टेस्टर काढतं, त्याला शाबासकी.

हाताच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही जाणताच. आयटीआयवाल्याला पहिले काही दिवस नुसती वायर सोलायला, लुग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) क्रिंप करायला आणि टर्मिनल आवळायला लावा. सोललेल्या वायरीतला एकही पदर कापला जाता कामा नये. जॉइंट आवळून झाला की वायर ओढून बघायची. निघाली तर पुन्हा. लाईट-पंख्याला दीड, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार स्क्वेअर एमएम, हे त्याला पाठ असेल, पण पाईपातून चार वायरी ओढताना मध्ये अडकल्या की काय करायचं ते पुस्तकात नाही. दुसऱ्या पोराला उलट काम द्या: वही. प्रत्येक कामाचं चित्र काढल्याशिवाय बोर्ड उघडायचा नाही. टू-वेचं जिन्याचं फिटिंग त्याला डोळे मिटून येत असेल, तरी कागदावर काढायला सांगा. पहिल्यांदा रडेल, मग जमतं.

रंगांच्या बाबतीत कडक राहा. पैसे वाचवायला अख्खं घर लाल आणि काळ्या अशा दोनच रंगांत ओढायची खोड आपल्या भागात जुनी आहे, आणि हिरवी, म्हणजे अर्थची वायर तर "नंतर बघू" म्हणून राहूनच जाते. पोरांसमोर तुम्ही असं काम केलंत तर बाकी शिकवलेलं सगळं वाया. गिऱ्हाईकाला परवडत नसेल तर पॉइंट कमी करा, हिरवी वायर कमी करू नका.

अर्थिंग हा माझ्या मते शिकवण्यातला सगळ्यात अवघड भाग, कारण अर्थिंग नसलं तरी लाईट लागते, पंखा फिरतो, गिऱ्हाईक खूष असतं. पोरांची समजूत अशी असते की खड्डा खणला, मीठ-कोळसा टाकला, अडीच मीटरचा जीआय पाईप उभा केला की शॉक लागत नाही. इथेही आधी आकडा विचारा. समजा खड्ड्याचा रेझिस्टन्स १० ओहम आहे. मिक्सरच्या बॉडीला फेज लागला. किती करंट जमिनीत जाईल? २३० भागिले १०, फार तर २३ अँपिअर. मेनला ३२ ची एमसीबी आहे. पडेल का? नाही पडणार. १६ ची असली तरी लगेच पडणार नाही. आणि तोवर मिक्सरची बॉडी जिवंत. हे आकडे समोर आले की मगच आरसीसीबी कशाला हवी हे पोरांच्या डोक्यात शिरतं. पुढचा प्रश्न: खड्डा अगदी वाईट आहे, ५०० ओहम. आरसीसीबी पडेल? पडेल, कारण अर्धा अँपिअर जातोच आणि तिला ३० मिलिअँपिअर पुरतात. मग खड्डा कशाला हवा? यावर दोघांना भांडू द्या. अर्थची वायरच नसेल तर बॉडीला फेज लागला तरी आरसीसीबी स्वस्थ बसेल, आणि कुणाचा तरी हात लागेल तेव्हा त्याच्या अंगातून करंट गेल्यावर पडेल. हे उत्तर पोरांकडून आलं पाहिजे.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं, पडली, म्हणजे अर्थिंग चांगलं, असं शहाणी माणसंही सांगतात. ते बटण आतल्या आत थोडा करंट वळवतं, अर्थच्या वायरीशी त्याचा काहीही संबंध नाही. अर्थची वायर कापून टाका आणि बटण दाबून दाखवा, तरी पडते. एकदा बघितलं की पोरगं विसरत नाही.

खड्ड्याचं मोजमाप अर्थ टेस्टरने. दोन खुंट्या ठोकून घ्यायचं. स्वतःचा नसेल तर एखाद्या ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून दिवसभरासाठी मागून आणा, पण एकदा तरी पोरांच्या हातात द्या. खानापूर पट्ट्यात लाल माती, खाली जांभा. पाणी टिकत नाही, रेझिस्टन्स वर जातो. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडे काळी माती, ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की पाईपाभोवतीची पकड सुटते. एकच खड्डा मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये मोजायला लावा आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायला लावा. पुस्तकात बघायचं असेल तर अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि घरच्या वायरिंगसाठी आयएस ७३२. आयटीआयवाल्याला वाचायला द्या आणि दुसऱ्याला मराठीत समजावून सांगायचं काम त्याच्याच गळ्यात घाला.

मोटरचं काम तुमच्या भागात टळणार नाही. कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे, त्यामुळे शेतात बहुतेक पाच, साडेसात आणि दहा एचपी एवढ्याच मोटरी भेटतात. इकडे वडगाव-खासबागला पॉवरलूमच्या लहान मोटरी, त्यावर कापसाची रुई बसून गरम होणाऱ्या. सुरुवात बंद मोटरीवर करा. तीन वाइंडिंगचे रेझिस्टन्स मोजायचे. तिन्ही जवळजवळ सारखे आले पाहिजेत. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) वाइंडिंग ते बॉडी. मेगरची सवय लहान कामातच लावा. नवं वायरिंग झालं की लाईन देण्यापूर्वी मेगर, एक मेगओहमच्या खाली असेल तर लाईन द्यायची नाही.

सिंगल फेजिंग नीट शिकवा, कारण मोटर जळाली की शेतकरी वायरमनलाच धरतो. फिरत्या मोटरीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजमध्ये करंट किती होईल? पोरं म्हणतात "कमी होईल, एक फेज गेला ना". उलट साधारण १.७ पट वाढतो, मोटर गुरगुरत फिरत राहते आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारी) पडली नाही तर वाइंडिंग जळतं. ती पडत का नाही? कारण कुणीतरी "सारखी ट्रिप होते" म्हणून तिचा आकडा वर नेऊन ठेवलाय, नाही तर सरळ बायपास केलीय. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटर आधी कमी करंटवर सुरू करून मग पूर्ण दाबावर नेणाऱ्या स्टार्टरमध्ये, अजून एक गंमत. नेमप्लेटवर १४ अँपिअर लिहिलेत, पोरगं रिले १४ वर लावतं. रिले वाइंडिंगच्या वायरीवर असेल तर तिच्यातून १४ चे ०.५८ पट, म्हणजे आठच अँपिअर जातात. १४ वर लावलेली रिले मोटर जळेपर्यंत पडणार नाही. इथे दोन्ही पोरं एकमेकांना लागतात: एकाला ०.५८ कुठून आला ते सांगता येतं, दुसऱ्याला स्टार्टर उघडून वायर कुठून कुठे गेली ते दाखवता येतं.

रात्री एकाच फेजवर थ्री-फेज मोटर कंडेन्सर लावून चालवण्याचा उद्योग शेतकरी तुमच्याकडून करून घ्यायला बघतील. पोरांसमोर स्पष्ट नाही म्हणा.

याच्यापेक्षाही कडक "नाही" टीसीसाठी, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी. फ्यूज उडाला, लाईनमन फोन उचलत नाही, ऊस वाळतोय, आणि कुणी तरी तुमच्या पोराला म्हणतं, "जरा चढ की, तुला येतंय." अकरा हजार व्होल्टला हात लागायची गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. जीओएस (टीसीच्या तिन्ही तारा एकदम तोडणारा वरचा स्विच) ओढला असं खालून दिसलं तरी त्याचं एखादं पातं चिकटून राहिलेलं असू शकतं. टीसी आणि पोल हेस्कॉमचे, म्हणजे वीज कंपनीचे. तिथे लाईनमन रीतसर एलसी (लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद असल्याची परवानगी) घेऊन, लाईन अर्थ करून चढतो, आणि तरीही त्यांच्यातली माणसं जातात. आपली हद्द मीटरच्या पुढे सुरू होते. पोरगं कितीही हुशार असो, सांगणारा गावातला सावकार असो की स्वतःचा मामा, चढायचं नाही. हा एक नियम मोडला तर मी पोराला त्याच दिवशी घरी पाठवतो. तुम्हीही तसंच करा.

कागदपत्रांचं. तुमचा आयटीआयवाला दोन वर्षांचं ट्रेड सर्टिफिकेट घेऊन आलाय. त्याला १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत अप्रेंटिसशिप करायला सांगा, तुमच्याकडचं काम बुडालं तरी चालेल. दुसऱ्याला दहावीचे गणित-विज्ञानाचे मार्क बरे असतील तर आयटीआयला घाला, सुट्टीत तुमच्याकडे येऊ दे. हात आहेच, कागद मिळाला की त्याला धरणारं कुणी नाही. कर्नाटकात वायरमन आणि सुपरवायझरचं परमिट, कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स हे सगळं विद्युत निरीक्षणालयाकडून मिळतं. पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, कागलला कामं मिळतात म्हणून आपली पोरं हद्द ओलांडून जातात, पण तिथली परवान्याची व्यवस्था महाराष्ट्राची, वेगळी आहे. इकडचं परमिट दाखवून तिकडे सही चालेल असं गृहीत धरू नका, आधी विचारून घ्या. आणि मराठी शाळेत शिकलेल्या पोराला कन्नड वाचायला लावा. वीजबिल, हेस्कॉमचे अर्ज, सेक्शन ऑफिसमधली नोटीस, लाईनमनचा फोन, सगळं कन्नडमध्ये असतं. यात मान-अपमान कसला? धंद्याचं हत्यार आहे.

अठरा पूर्ण झाले नसतील तर चालू लाईनच्या जवळपास नेऊच नका. बंद बोर्डावर शिकू दे.

तुमचा शेवटचा प्रश्न, चालू लाईनवर कधी सोडायचं. जोडायला कधीच नाही. जोडाजोड बंद लाईनवरच. चालू लाईनवर काम फक्त मोजायचं, आणि तेही जेव्हा पोराची आधी सांगितलेली उत्तरं सहसा बरोबर यायला लागतात तेव्हा. पहिलं एकट्याचं काम म्हणून पंखा बदलणं देऊ नका. त्यात शिकण्यासारखं काही नाही. एखादी साधी तक्रार द्या, ओळखीच्या घरातली: "एका खोलीत लाईट नाही." फोनवर तुम्ही. बोर्ड उघडण्याआधी त्याने तीन शक्यता सांगायच्या, कुठली आधी बघणार ते सांगायचं, मग उघडायचा. उघडल्यावर हात लावण्यापूर्वी फोटो, काम झाल्यावर फोटो.

आणि त्याला स्वतःचं मीटर घेऊन द्या, पगारातून थोडं थोडं कापून घेतलंत तरी हरकत नाही. कॅट थ्री ६०० व्होल्ट (मीटर कुठल्या लाईनवर सुरक्षित आहे ते सांगणारा दर्जा) असं छापलेलं, आत फ्यूज असलेलं. फुटपाथवरचं पिवळं मीटर घरच्या सेलला ठीक, थ्री-फेजच्या पॅनेलला नाही. करंट मोजून झाला की लाल वायर १० अँपिअरच्या भोकातून काढून पुन्हा व्होल्टच्या भोकात घालायची, मीटर पिशवीत ठेवण्यापूर्वीच. ती तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी कुणी व्होल्टेज बघायला मीटर लावलं, तर तो सरळ शॉर्ट आहे. मीटर हातात फुटतं. रोज संध्याकाळी पिशवी आवरताना दोघांनी एकमेकांचं मीटर तपासायचं, एवढं काम त्यांच्यावर सोपवा.